‘माय मिशन टू लंडन’ : राजदूत लिखनोव्स्की यांची कैफियत पुनर्मुद्रित रूपात

पहिल्या महायुद्धाच्या कारणांवर ग्रंथालये भरतील इतके लिहिले गेले आहे. पण १९१४च्या जुलैमध्ये लंडनच्या जर्मन दूतावासात बसून ते संकट प्रत्यक्ष हाताळणाऱ्या माणसाचे स्वतःचे निवेदन फार थोड्यांनी वाचलेले असते. प्रिन्स कार्ल माक्स लिखनोव्स्की यांचे हे निवेदन १९१८ साली लंडनच्या कॅसेल या प्रकाशनसंस्थेने प्राध्यापक गिल्बर्ट मरे यांच्या प्रस्तावनेसह ‘माय मिशन टू लंडन’ या नावाने छोट्या पुस्तिकेच्या रूपात प्रसिद्ध केले होते. त्याच पुस्तिकेचे, मागणीनुसार छापून देणाऱ्या एका प्रकाशकाने काढलेले कागदी बांधणीचे पुनर्मुद्रण मी मागवले आणि वाचले. मजकूर आणि आवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्याविषयीचे माझे मतही वेगवेगळे आहे. मजकूर अव्वल दर्जाचा ऐतिहासिक ऐवज आहे. आवृत्ती मात्र त्या ऐवजाला न्याय देणारी नाही.

आधी लेखकाविषयी सांगितले पाहिजे, कारण या प्रतीत त्यांचा परिचय देणारे एकही पान नाही. लिखनोव्स्की यांचा जन्म १८६०च्या मार्चमध्ये वरच्या सायलेशियातील क्रॉयत्सेनऑर्ट येथे झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. घराण्याच्या जमिनी प्रशियाच्या आणि ऑस्ट्रियाच्या अशा दोन्ही सायलेशियांत पसरलेल्या होत्या. पणजोबा कार्ल आलोइस हे बेटहोवनचे आश्रयदाते. ‘पाथेटिक’ सोनाटा आणि दुसरी सिंफनी त्यांनाच अर्पण केलेली आहे. चुलते फेलिक्स हे १८४८च्या क्रांतीत फ्रँकफुर्टमध्ये जमावाच्या हातून मारले गेले. अशा घरातला मुलगा परराष्ट्र खात्यात जाणे त्या काळी ठरल्यासारखेच होते. तरुणपणी काही काळ लंडनच्या दूतावासात उमेदवारी, मग इतर राजधान्यांतील नेमणुका, व्हिएन्नामध्ये राजदूत ऑयलेनबुर्ग यांच्या हाताखाली काम आणि १८९९ ते १९०४ या काळात बर्लिनच्या परराष्ट्र खात्यात अधिकारपद, असा त्यांचा प्रवास झाला. १९०१ साली वडील वारल्यावर प्रिन्स ही पदवी त्यांच्याकडे आली. १९०४ साली त्यांनी नोकरी सोडली, त्याच वर्षी काउंटेस मेख्टिल्ड फॉन आर्को-त्सिन्नेबेर्ग यांच्याशी विवाह केला आणि पुढची आठ वर्षे जमीनजुमला सांभाळत, अधूनमधून राजकारणावर लेख लिहीत काढली. मेख्टिल्ड या सम्राज्ञी मारिया तेरेसाच्या वंशातल्या, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या स्वतः उत्तम लेखिका होत्या आणि पुढे नाझी राजवटीच्या लेखकसंघात नाव नोंदवण्यास त्यांनी नकार दिला. त्यांच्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवे. येथे ते शक्य नाही.

लंडनला नुकतेच गेलेले राजदूत मार्शल फॉन बीबरश्टाइन सप्टेंबर १९१२ मध्ये अचानक वारले, आणि खात्याबाहेर आठ वर्षे काढलेल्या या सरदाराला कैसरने बोलावून घेतले. पुस्तिकेची सुरुवात याच नेमणुकीपासून होते. आपली निवड खात्याला रुचलेली नाही, ती कैसरच्या मर्जीने झाली आहे, याची लेखकाला पहिल्या दिवसापासून जाणीव आहे, आणि ती शेवटपर्यंत त्यांचा पिच्छा सोडत नाही. अनेक पानांवर सहकाऱ्यांविषयीची अढी आणि बर्लिनमधल्या मत्सराविषयीची तक्रार डोकावते. वाचताना ती कधी कधी कंटाळवाणी होते. परंतु तिच्याकडे केवळ दुखावलेल्या मानाचे रडगाणे म्हणून पाहणे चूक ठरेल, कारण राजदूताने पाठवलेल्या अहवालाकडे बर्लिनमध्ये दुर्लक्ष का झाले, या प्रश्नाच्या उत्तराचा काही भाग त्या तक्रारीतच आहे.

पुस्तिकेचा मधला भाग वाटाघाटींचा आहे. डिसेंबर १९१२ पासून लंडनमध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे यांच्या अध्यक्षतेखाली राजदूतांची परिषद भरली. फ्रान्सचे कांबाँ, रशियाचे बेंकेनडॉर्फ, ऑस्ट्रियाचे मेन्सडॉर्फ, इटलीचे इम्पेरिआली आणि जर्मनीचे लिखनोव्स्की असे पाच जण ग्रे यांच्याबरोबर बसून बाल्कन युद्धांतून निर्माण झालेला अल्बानियाचा प्रश्न सोडवत होते. लिखनोव्स्की यांचा मुद्दा असा आहे की या परिषदेत जर्मनीने प्रत्येक वेळी स्वतःचे हित बाजूला ठेवून ऑस्ट्रियाची तळी उचलली, आणि जिथे जर्मनीचा काडीमात्र संबंध नव्हता तिथे रशियाचा रोष ओढवून घेतला. ऑस्ट्रियात जमिनी असलेल्या, ऑस्ट्रियन सरदारांशी पिढ्यान्‌पिढ्यांचे संबंध असलेल्या माणसाने हे लिहावे, याला वजन आहे. आपल्या वर्गाच्या आणि नातेसंबंधांच्या विरुद्ध जाऊन काढलेला हा निष्कर्ष आहे.

मराठी वाचकाने ज्या दोन प्रकरणांपाशी थांबावे, ती म्हणजे पोर्तुगीज वसाहती आणि तुर्की साम्राज्यातून बगदादकडे जर्मनांनी बांधायला घेतलेली बगदाद रेल्वे. १८९८ साली ब्रिटन आणि जर्मनी यांनी पोर्तुगालच्या वसाहतींविषयी एक गुप्त करार केला होता: पोर्तुगाल कर्जात बुडाला तर अंगोला, मोझांबिक आणि तिमोर येथे कोणाचा प्रभाव कुठे असावा, हे त्यात ठरवलेले होते. गोव्याचा त्यात समावेश नव्हता. लिखनोव्स्की यांनी १९१३ मध्ये या कराराची नवी, जर्मनीला अधिक फायद्याची आवृत्ती ग्रे यांच्याकडून मिळवली. ग्रे यांची अट एवढीच होती की नवा करार, जुना करार आणि १८९९ची ब्रिटन-पोर्तुगाल घोषणा ही सर्व कागदपत्रे प्रसिद्ध करावीत. त्या घोषणेत पोर्तुगालच्या वसाहतींच्या रक्षणाचे शेकडो वर्षांपूर्वीचे वचन ब्रिटनने पुन्हा दिलेले असल्यामुळे बर्लिन अडून बसले आणि हाती आलेला करार सहीविना पडून राहिला. (याच जुन्या मैत्रीचा आधार घेऊन १९६१ मध्ये पोर्तुगालने गोव्यासाठी ब्रिटनकडे मदत मागितली आणि ब्रिटनने लष्करी मदत नाकारली, हे आपल्याकडच्या वाचकांना आठवेल.) लिखनोव्स्की यांनी हे प्रकरण अतिशय तपशीलवार सांगितले आहे, आणि कोणत्या टप्प्यावर कोणाचा हट्ट आडवा आला हे त्यातून नेमके कळते.

बगदाद रेल्वेचा करार मात्र तडीस गेला. १५ जून १९१४ रोजी ग्रे आणि लिखनोव्स्की यांनी त्याच्या मसुद्यावर आद्याक्षरे केली. रेल्वेच्या संचालक मंडळावर दोन ब्रिटिश संचालक, बसरा हे शेवटचे स्थानक आणि ब्रिटनच्या संमतीशिवाय त्यापुढे इराणच्या आखातापर्यंत रूळ नाहीत, असे साधारण स्वरूप होते. पंधरा-सोळा वर्षांचे भांडण त्यात मिटले होते. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, ६ नोव्हेंबर १९१४ रोजी, सहाव्या पूना डिव्हिजनची पहिली तुकडी बसऱ्याखालच्या फाव येथे उतरली. तिच्यात ११७वी मराठा पलटण होती. १०३ आणि ११० क्रमांकाच्या मराठा लाइट इन्फन्ट्री पलटणीही याच डिव्हिजनच्या. टायग्रिस नदीकाठच्या कुत-अल-अमाराचा वेढा आणि २९ एप्रिल १९१६ची शरणागती या त्याच मोहिमेच्या पुढच्या गोष्टी आहेत. लिखनोव्स्की यांनी हे निवेदन ऑगस्ट १९१६ मध्ये लिहिले, म्हणजे कुत पडल्यावर काही महिन्यांनी. सातारा-रत्नागिरीकडच्या शिपायांचा त्यात उल्लेख असण्याचे कारण नाही. परंतु ज्या नदीकाठी ते मेले, तिच्याविषयीचा समझोता लंडनच्या एका टेबलावर तयार होता, हे वाचून मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही.

आता पुस्तिकेच्या गाभ्याकडे येतो. २८ जून १९१४ रोजी ऑस्ट्रियाचे युवराज आर्चड्यूक फ्रान्त्स फेर्डिनांड यांच्या हत्येची बातमी आली, तेव्हा लिखनोव्स्की कील येथे कैसरच्या शर्यतीच्या नौकेवर होते. त्याच महिन्यात ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली होती. कीलहून ते बर्लिनला गेले, चान्सेलर बेटमान होल्वेग यांना भेटले आणि लंडनला परतले. ऑस्ट्रियाला पाठिंबा देण्याचा पोट्सडॅममधला ५ जुलैचा निर्णय त्यांना कोणी सांगितला नाही; तो त्यांना मागाहून कळला. ज्या राजधानीत युद्ध आणि शांतता यांचा फैसला होणार होता, तेथल्या स्वतःच्या राजदूतालाच बर्लिनने अंधारात ठेवले होते. तरीही हा माणूस जुलैभर बजावून सांगत राहिला. ऑस्ट्रिया आणि सर्बिया यांच्यापुरताच संघर्ष मर्यादित राहील ही आशा भाबडी आहे, रशिया गप्प बसणार नाही, फ्रान्स ओढला गेला तर ब्रिटन तटस्थ राहणार नाही, आणि ग्रे यांचा चार राष्ट्रांच्या मध्यस्थीचा प्रस्ताव स्वीकारावा, हे त्यांचे सांगणे होते. बर्लिनने प्रस्ताव नाकारला. २९ जुलै रोजी ग्रे यांनी दिलेला इशारा त्यांनी तारेने कळवला, तेव्हा कैसरने त्या तारेच्या समासात ग्रे यांना शिव्या लिहिल्या. हे शेरे युद्धानंतर कार्ल काउट्स्की यांनी संकलित केलेल्या जर्मन कागदपत्रांत छापले गेले आहेत.

या पुस्तिकेवर घेतला जाणारा सर्वांत गंभीर आक्षेप येथेच येतो, आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. लिखनोव्स्की ग्रे यांच्या फार आहारी गेले होते, असे त्यांचे विरोधक म्हणत आले. ग्रे यांचे जे चित्र पुस्तिकेत उभे राहते ते जवळजवळ निष्कलंक आहे: साधी राहणी, सुट्टीच्या दिवशी लंडन सोडून मासेमारीला जाणे, शब्दाला जागणे, कुणालाही न फसवणे. प्रत्यक्षात ब्रिटिश आणि फ्रेंच सेनाधिकाऱ्यांत १९०६ पासून बोलणी चालू होती, नोव्हेंबर १९१२ मध्ये ग्रे आणि कांबाँ यांच्यात पत्रांची देवाणघेवाण झाली होती आणि १९१४च्या वसंतात रशियाशी नौदलाविषयी बोलणी सुरू होत होती. या गोष्टींविषयी ग्रे लिखनोव्स्की यांच्याशी मोकळेपणाने बोलले नाहीत. बर्लिनला मात्र त्या ठाऊक होत्या, कारण लंडनच्या रशियन दूतावासातला सचिव बेनो फॉन झीबर्ट हा बेंकेनडॉर्फ यांच्या टपालाच्या नकला जर्मनीला पुरवत होता. त्यामुळे ग्रे यांच्या प्रामाणिकपणाची ग्वाही देणारा लिखनोव्स्की यांचा अहवाल बर्लिनमध्ये येई, तेव्हा जर्मन परराष्ट्र खात्याचे प्रमुख यागो आणि त्यांचे सहकारी आपल्या राजदूताला ब्रिटिशांनी गुंडाळले आहे असे मानून तो बाजूला ठेवत.

मला या साऱ्या इतिहासातला हा भाग सर्वांत शिकवणारा वाटतो. तपशील बर्लिनकडे बरोबर होता आणि निष्कर्ष चुकीचा. लिखनोव्स्की यांच्याकडे तपशील अपुरा होता आणि निष्कर्ष अचूक. ३ डिसेंबर १९१२ रोजी ब्रिटिश मंत्री हाल्डेन यांनी त्यांना स्पष्ट सांगितले होते की फ्रान्सचा पाडाव ब्रिटन सहन करणार नाही. ते त्यांनी जसेच्या तसे कळवले, आणि त्या अहवालाने संतापलेल्या कैसरने पाच दिवसांनी आपल्या सेनापतींना बोलावून घेतले. ग्रे आपल्यापासून काय लपवतात हे लिखनोव्स्की यांना दिसले नाही. पण ब्रिटन शेवटी काय करणार, हे दोन वर्षांच्या जेवणावळी, आठवडाअखेरच्या भेटी आणि मंत्र्यांशी झालेल्या बोलण्यांतून त्यांनी ओळखले होते. चोरलेल्या कागदांच्या जोरावर स्वतःला शहाणे समजणाऱ्यांना ते ओळखता आले नाही. ग्रे यांच्यावरचा त्यांचा आंधळा विश्वास हा दोषच होता, तो मी झाकणार नाही. पण त्या दोषामुळे त्यांचा इशारा खोटा ठरत नाही, आणि ज्यांनी तसा तो ठरवला त्यांच्या हातून जे घडले ते सर्वांसमोर आहे.

निवेदनाच्या अखेरीस त्यांनी जर्मनीवरचा दोषारोप थोडक्यात मांडला आहे. ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री बेर्ख्टोल्ड यांना सर्बियावर चालून जाण्यास आपण उत्तेजन दिले, ब्रिटिश मध्यस्थी नाकारली आणि रशियाच्या केवळ लष्करी जमवाजमवीला निर्वाणीचा खलिता व युद्धघोषणेने उत्तर दिले, असा त्याचा आशय आहे. शत्रूशी युद्ध चालू असताना एका प्रशियन सरदाराने हे लिहावे यातले धैर्य मोठे आहे, मग ते घरच्या दप्तरासाठी लिहिलेले का असेना. मात्र हे स्मरणातून लिहिलेले आहे, हे वाचकाने विसरू नये. उदाहरणार्थ, रशियाविरुद्धची युद्धघोषणा येथे ३१ जुलैची सांगितली आहे. ३१ तारखेला निर्वाणीचा खलिता गेला आणि युद्धघोषणा झाली ती १ ऑगस्टला. अशी चूक तळटीपेत दुरुस्त करणे हे संपादकाचे काम असते. या आवृत्तीला संपादकच नाही.

शेवटच्या दिवसांची हकिकत पुस्तिकेत त्रोटक आहे, आणि तिच्यासाठी इतर साधनांकडे जावे लागते. १ ऑगस्ट रोजी ग्रे यांच्या एका सूचनेतून झालेल्या गैरसमजाची तार बर्लिनला पोहोचली, तेव्हा ब्रिटन आणि फ्रान्स दोघेही बाहेर राहणार अशा समजुतीने कैसरने सगळे सैन्य पूर्वेकडे वळवा असे सेनाप्रमुख मोल्टके यांना सांगितले, आणि ते वृद्ध सेनापती कोलमडले. राजे पंचम जॉर्ज यांची तार आल्यावर तो भ्रम संपला. २ ऑगस्टच्या सकाळी लिखनोव्स्की पंतप्रधान ॲस्क्विथ यांच्याकडे गेले आणि बोलताना त्यांना रडू कोसळले, असे ॲस्क्विथ यांच्या पत्रात आहे. ४ ऑगस्टच्या रात्रीचा प्रसंग हॅरॉल्ड निकल्सन यांनी लिहून ठेवला आहे. ब्रिटिश परराष्ट्र खात्याने घाईत चुकीच्या मजकुराचे पत्र दूतावासात पाठवले. जर्मनीनेच युद्ध पुकारल्याचे त्यात म्हटले होते. ते बदलून आणण्यासाठी खात्यातला सर्वांत कनिष्ठ अधिकारी म्हणून तरुण निकल्सन यांना रात्री अकरानंतर धाडण्यात आले. राजदूत रात्रीच्या पायजम्यात पलंगावर पडून होते. त्यांनी खिडकीजवळच्या टेबलाकडे बोट दाखवले. पाकीट अर्धवट फोडून तसेच टाकलेले होते. त्यांनी नव्या पत्राची पोच सही करून दिली आणि निकल्सन निघताना त्यांच्या वडिलांना, म्हणजे त्याच खात्याच्या मुख्य सचिवांना, नमस्कार सांगण्यास सांगितले. हे सारे घडले ती कार्लटन हाउस टेरेसवरची ९ क्रमांकाची इमारत आज रॉयल सोसायटीच्या वास्तूचा भाग आहे.

पुस्तिकेत आहे तो निरोपाचा प्रसंग. खास आगगाडीने त्यांना हार्विच बंदरात नेण्यात आले आणि तेथे लष्करी मानवंदना देण्यात आली. एखाद्या सार्वभौम राजासारखी आपली पाठवणी झाली, असे ते अभिमानाने नोंदवतात. मायदेशी परतल्यावर मात्र अपयशाचे खापर त्यांच्यावरच फोडण्यात आले. कुखेल्ना येथील वाड्यात बसून त्यांनी हे निवेदन लिहिले आणि मोजक्या विश्वासू माणसांना दाखवले. त्यातली एक प्रत सेनामुख्यालयात काम करणाऱ्या कॅप्टन बेयरफेल्डे यांच्या हाती पडली. त्यांनी नकला काढून वाटल्या आणि मार्च १९१८ मध्ये स्टॉकहोमच्या ‘पोलिटिकेन’ या समाजवादी पत्राने मजकूर छापला. मित्रराष्ट्रांना घरबसल्या प्रचाराचे साधन मिळाले. जर्मनीत गदारोळ झाला, यागो यांनी वर्तमानपत्रात उत्तर दिले आणि जुलै १९१८ मध्ये प्रशियाच्या वरिष्ठ सभागृहाने लिखनोव्स्की यांना काढून टाकले. युद्धानंतर कुखेल्नाचा मुलूखही चेकोस्लोव्हाकियात गेला. २७ फेब्रुवारी १९२८ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

आता आवृत्तीविषयी. किंमत माफक आहे, कागद पांढरा आणि जाड आहे, टाइप डोळ्यांना सुखाचा आहे. इथे माझी प्रशंसा संपते. मजकूर जुन्या प्रतीवरून यंत्राने उतरवून घेतलेला दिसतो आणि त्यावरून कोणी मानवी डोळा फिरवलेला नाही. जर्मन नावांची अक्षरे तुटलेली आहेत, जुन्या पानांचे शीर्षक मध्येच वाक्यात घुसले आहे, आणि एका ठिकाणी परिच्छेद अर्ध्यावर थांबून पुढच्या पानावर भलत्याच वाक्याने सुरू होतो. बांधणीकडची मोकळी जागा इतकी कमी आहे की आतल्या बाजूचे शब्द वाचायला पुस्तक जोर लावून उघडावे लागते. मुखपृष्ठावर खंदकातल्या सैनिकांचे चित्र आहे. राजदूताच्या लेखनाशी त्याचा संबंध नाही. नकाशा नाही, सूची नाही, व्यक्तींचा परिचय नाही. १९१८च्या ब्रिटिश वाचकाला बेर्ख्टोल्ड किंवा सझोनोव कोण हे सांगावे लागत नव्हते. आजच्या वाचकाला सांगावे लागते. सर्वांत खटकणारी उणीव म्हणजे यागो यांचे उत्तर या प्रतीत नाही. युद्धकाळातल्या काही अमेरिकी आवृत्त्यांत ते सोबत छापले गेले होते, आणि वादी-प्रतिवादी दोघांना ऐकल्याशिवाय हा खटला वाचकाला तोलता येत नाही.

मरे यांची प्रस्तावना मात्र जपून वाचावी. ते ग्रीक साहित्याचे थोर अभ्यासक होते आणि ग्रे यांच्या परराष्ट्र धोरणाचे आधीपासून समर्थक होते. त्यामुळे शत्रूच्या राजदूताने आपल्याच बाजूची साक्ष दिल्याचा आनंद त्यांना लपवता आलेला नाही. पहिल्या वाचनात ती वगळून थेट निवेदनावर जावे, असे मी सुचवीन.

ज्यांना ही प्रत घ्यायची आहे त्यांनी घेण्यापूर्वी हे लक्षात ठेवावे की १९१८चा मूळ मजकूर स्वामित्वहक्काबाहेर आहे आणि मूळ पुस्तिकेची छायाप्रत इंटरनेट आर्काइव्हवर विनामूल्य वाचता येते. ती या पुनर्मुद्रणापेक्षा शुद्ध आहे. पैसे खर्चायचेच असतील तर ते लिखनोव्स्की यांनी १९२७ मध्ये स्वतः प्रसिद्ध केलेल्या मोठ्या संग्रहावर खर्चावेत. ‘हेडिंग फॉर द ॲबिस’ या नावाने त्याचा इंग्रजी अनुवाद दुसऱ्याच वर्षी निघाला. जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांकडे शोध घेतला तर तो हाती लागू शकतो, आणि त्यात त्यांनी त्या त्या दिवशी पाठवलेली पत्रे व तारा असल्यामुळे, १९१६ साली आठवणीतून लिहिलेल्या प्रत्येक विधानाची पडताळणी करता येते. चरित्र हवे असल्यास हॅरी यंग यांनी १९७७ साली लिहिलेले इंग्रजी चरित्र आहे. मराठीत मात्र या माणसावर वाचनीय असे काही माझ्या पाहण्यात नाही, आणि एखाद्या जाणत्या अनुवादकाने हे छोटेसे निवेदन यागो यांच्या उत्तरासह, टिपा आणि नकाशा देऊन मराठीत आणले तर त्याची पहिली प्रत मी विकत घेईन.